आधी सांगावं, मग करावं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी संगणकाविषयी बोलणार आहे. पण बोलायचं आहे ते खरं तर उसाच्या चार गाड्यांविषयी, एका तरुण मुलाविषयी आणि माझ्या एका चुकीविषयी. संगणक मध्ये येतो तो काट्यावर बसलेल्या कारकुनासारखा.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात पुष्कळ वर्षं नोकरी केली. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आवारात दिवसरात्र ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. गाडी आली की आधी वजनकाट्यावर जाते. तिथं भरलेलं वजन घेतात. मग ऊस गव्हाणीत रिकामा होतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस, आणि त्यावर त्याचं बिल. वर्ष-दीड वर्षाच्या कष्टाचा हिशेब त्या दोन आकड्यांत असतो. हे आकडे आमच्या सर्व्हरमध्ये साठत.

सर्व्हर म्हणजे दुसरं काही नाही, सगळ्यांसाठी काम करणारा एक संगणक. बहुतेक वेळा तो एखाद्या थंड खोलीत कुलपाआड असतो. आपल्या घरच्या संगणकावर चित्रं असतात, बाण फिरवून त्यांवर टिचकी मारायची असते. सर्व्हर चालवणारी माणसं मात्र बऱ्याचदा काळ्या पडद्यावर एकेक ओळीचा हुकूम टाइप करतात. हुकूम दिला, एंटर दाबलं, की काम होतं. यालाच कमांड म्हणतात. माणूस एका खोलीत आणि यंत्र दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या देशातही असतं. जुन्या काळच्या तारेसारखाच हा प्रकार.

तारेची आठवण मी मुद्दाम काढली. आपल्याकडची तार सेवा २०१३ साली बंद झाली, पण तारेची भाषा पुष्कळांना आठवत असेल. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून माणसं शब्द वाचवायची. कमांडची भाषाही तशीच तुटक आहे, आणि तिच्या तुटकपणालाही कारण आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची सुरुवात केली. तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखा पडदा नव्हता, टेलिटाइप नावाचं खडखड करणारं यंत्र होतं. ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागायच्या. अशा यंत्रावर कोण लांबलचक शब्द लिहील? म्हणून फाइल हलवायची तर दोन अक्षरं, नक्कल करायची तर दोन अक्षरं, आणि पुसून टाकायची तरी दोनच अक्षरं. ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दातलं शेवटचं ‘ई’सुद्धा त्यांनी एका ठिकाणी गाळलं होतं. पुन्हा युनिक्स घडवायचं झालं तर काय बदलाल, असं थॉम्प्सन यांना नंतर कुणी विचारलं, तेव्हा ते ‘ई’ परत घालीन, असं त्यांनी गमतीनं सांगितलं होतं.

या वळणाचा दुसरा नियम असा, की काम नीट झालं तर यंत्रानं काही बोलू नये. चूक झाली तरी थोडक्यात सांगावं. त्या काळच्या ‘एड’ नावाच्या संपादकाला तुमचं म्हणणं कळलं नाही तर तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं, हे तुमचं तुम्ही शोधायचं.

तज्ज्ञांना याचं काही वाटत नसे. पण १९८१ साली डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एका संगणकविषयक मासिकात या प्रणालीवर खरमरीत लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. नावांवरून काम कळत नाही, एका कमांडची रीत दुसरीला नाही, आणि यंत्र इतकं गप्प असतं, की झालं की नाही झालं हे माणसाला समजत नाही. फाइल वाचायच्या कमांडचं नाव ‘कॅट’. नवशिक्यानं त्यावरून मांजराशिवाय काय ओळखावं?

हे सगळं मी खूप नंतर वाचलं. २०११ साली मी माझी स्वतःची कमांड लिहिली, तेव्हा मला तीच तुटक भाषा हुशारीची वाटत होती.

कारखान्यात तीन पाळ्या असतात. पाळी संपली की त्या पाळीतल्या वजनांच्या नोंदी मुख्य कार्यालयाच्या संगणकाकडे पाठवायच्या आणि काट्याचा तक्ता पुढच्या पाळीसाठी मोकळा करायचा. आधी हे काम सात-आठ पायऱ्यांनी व्हायचं. मी ते एका ओळीत आणलं. ओळीत काही अक्षरं द्यावी लागत. ‘पी’ म्हणजे पाळी. लहान ‘के’ म्हणजे काटा आणि मोठा ‘के’ म्हणजे कार्यालय. आणि शेवटी वाटलं तर ‘एफ’. हा ‘एफ’ म्हणजे जबरदस्ती. तो दिला की नोंदी कार्यालयाकडे पोचल्या की नाही, हे न तपासता कमांड तक्ता मोकळा करायची. माझ्या वरिष्ठांनी पाठ थोपटली. एका ओळीत काम! मलाही अभिमान वाटला.

आमच्याकडे दोन सर्व्हर होते. एक खरा, काट्याला जोडलेला. दुसरा सरावाचा, नवीन माणसांना शिकवायला. सरावाचं यंत्र कार्यालयाला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तिथं ‘पोचल्या की नाही’ ही तपासणी दर वेळी अडायची. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘सरावाच्या यंत्रावर एफ लावत जा.’ हे वाक्य माझं. ते लक्षात ठेवा.

जानेवारी २०१५. चार ते बाराची पाळी. आमच्या विभागात नव्यानं लागलेला एक डिप्लोमा झालेला मुलगा कामावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा कारकुनांचं शिक्षण होतं, म्हणून तो सरावाचं यंत्र मोकळं करायला बसला. त्याच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्हींत तीच पांढरी अक्षरं. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यानं कमांड लिहिली, मी सांगितल्याप्रमाणे शेवटी एफ लावला आणि एंटर दाबलं. खिडकी चुकली होती.

यंत्र काही बोललं नाही. काम नीट झालं होतं ना!

चार वाजल्यापासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. दोनशेच्या वर गाड्या होत्या. नक्कल पाळी संपल्यावर घ्यायची पद्धत होती, म्हणजे तीही नव्हती. आम्हाला तारलं ते कागदानं. वजन पूर्ण झालेल्या गाड्यांच्या काटा पावत्यांची कार्यालयीन प्रत होती, त्यावरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पुन्हा भरलं. पण अकरा गाड्या अशा होत्या, की त्यांचं भरलेलं वजन झालं होतं आणि रिकामं व्हायचं होतं. त्यांची पावती निघालेलीच नव्हती. अकरांपैकी सात अजून भरलेल्या उभ्या होत्या, त्या पुन्हा काट्यावर घेतल्या. उरलेल्या चार गाड्यांचा ऊस गव्हाणीत पडून पुढं गेलेला होता. त्याचं वजन आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

शेतकी विभागानं त्या चार गाड्यांच्या आधीच्या खेपांची सरासरी काढून वजन धरलं. हिशेबानं ते वाजवीच होतं. तिघांनी मान्य केलं. चौथे एक वयस्कर शेतकरी होते. ते आमच्या दारात आले. रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, माझ्या उसाचं वजन कॉम्प्युटरनं खाल्लं का?” मी सरासरी समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ही खेप खोडव्याची नव्हती, लागणीची होती. सरासरी कुणाचीही निघंल. माझा ऊस माझा होता.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या मुलाला कारणे दाखवा नोटीस निघाली. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तिच्यात होता. त्यानं खुलाशात चूक कबूल केली. मी दोन दिवस गप्प राहिले. मला सांगायला लाज वाटते, पण त्या दोन दिवसांत मी स्वतःला हेच समजावत होते, की खिडकी बघून काम करायला नको का? तिसऱ्या दिवशी मी सहज माझ्या संगणकावर त्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, उठून चहा घेऊन आले आणि पुन्हा बसले. खरी कुठली आणि सरावाची कुठली, ते मला सांगता येईना. मला! जिनं ती मांडली होती तिला!

मी कार्यकारी संचालकांकडे गेले आणि सांगितलं, की साहेब, दोन खोल्यांना एकसारखी दारं लावली आहेत, पाटी लावलेली नाही, आणि एका खोलीत शिरताना जोरात ढकला असं मीच शिकवलं आहे. मुलगा चुकला, पण चुकायची जागा मी तयार केली. नोटीस मागं घेतली गेली. मला मात्र एक काम मिळालं. ‘पुन्हा असं होणार नाही असं करून दाखवा.’

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, ‘खात्री आहे का?’ असा एक प्रश्न घालायचा. मीही तेच केलं. कमांड दिली की ती विचारायची, हो की नाही? आठवडाभरात काय झालं? माणसं कमांड लिहिताना ‘हो’चं अक्षर हातासरशी दाबायला लागली. माझं बोटही आपोआप तिकडे जायला लागलं. दर वेळी विचारलेला प्रश्न कुणी वाचत नाही. दारावरच्या ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीसारखी त्याची गत होते.

याचा एक जाहीर दाखला पुढे २०२१ साली जगानं पाहिला. लायनस सेबॅस्टियन हे कॅनडातले संगणकाविषयी चित्रफिती करणारे प्रसिद्ध गृहस्थ. लिनक्सच्या एका प्रकारावर ते खेळांसाठीचं एक सॉफ्टवेअर बसवत होते. पॅकेजमधल्या एका दोषामुळे ती कमांड पडद्यावरचं सगळं चित्रमय वातावरणच काढून टाकायला निघाली होती. तिनं इशारा दिला, लांबलचक यादी दाखवली आणि सांगितलं, की पुढं जायचं तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ हे पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करा. त्यांनी ते टाइप केलं. आणि यंत्रानं सांगितलं तसं केलं! पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. पण ती कमांड सांभाळणाऱ्यांनी निराळा विचार केला. त्यांनी कमांडच बदलली. आता नुसतं वाक्य लिहून अत्यावश्यक भाग काढता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी आधीच लिहून द्यावी लागते. माणूस वाचत नसेल तर मोठ्यानं ओरडून उपयोग नाही, रस्ताच वळवावा लागतो.

माझा प्रश्न फसल्यावर मी वेगळी वाट धरली. त्या मुलाला सकाळची पाळी लागली, तेव्हा वही घेऊन मी त्याच्यामागे खुर्ची टाकून बसले. एकच नियम केला, आपण बोलायचं नाही. श्रोतेहो, आपण केलेली वस्तू दुसरा वापरताना गप्प बसून बघणं फार अवघड असतं. सुनेला पहिल्यांदा पुरणपोळी करताना बघणाऱ्या सासूला विचारा!

त्या आठ तासांत वहीची सहा पानं भरली. त्यानं कमांडची अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवली होती. लहान ‘के’ की मोठा ‘के’ हे तो दर वेळी चिठ्ठीत बघायचा. कमांड दिल्यावर यंत्र गप्प राहिलं की तो थोडा थांबायचा आणि झालं नसेल असं वाटून पुन्हा द्यायचा. चूक झाली की माझा संदेश यायचा, ‘त्रुटी क्रमांक चार’. चार म्हणजे काय, ते माझ्या टेबलाच्या खणातल्या कागदावर होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एंटर दाबण्याआधी तो प्रत्येक वेळी किंचित श्वास रोखायचा. त्याला भीती वाटत होती. माझी एका ओळीची हुशारी त्याच्या वाट्याला अशी आली होती.

मग आम्ही दोघांनी मिळून कमांड नव्यानं लिहिली. अक्षरांऐवजी शब्द आणले. ‘पाळी बंद, काटा दोन, पाळी दुसरी’ असं सरळ लिहायचं. नुसतं नाव लिहून एंटर दाबलं तर काही न करता ती स्वतःची माहिती आणि एक उदाहरण दाखवायची. संदेश मराठीत केले, पण रोमन अक्षरांत. कारण त्या काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीची चौकट असते आणि आपली जोडाक्षरं, काने-मात्रे तिच्यात नीट बसत नाहीत. मोबाइलवर आपण लिहितो तसं लिहिलं. काटा कारकुनांना ते सगळ्यांत आवडलं.

जुन्याजाणत्या एका सहकाऱ्यांनी कुरकुर केली, “हे बालवाडीचं झालं, एवढं कोण टाइप करणार?” तक्रार खरी होती. सोपं करताना सवयीच्या माणसाचा वेग मारायचा नसतो. म्हणून पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबलं की उरलेला शब्द आपोआप पुरा व्हावा, अशी सोय केली. आठवड्यानं त्यांची कुरकुर थांबली.

खऱ्या यंत्राच्या खिडकीला वर लाल पट्टी आणि ‘खरा काटा’ हे शब्द आले, सरावाच्या खिडकीला हिरवी पट्टी आणि ‘सराव’. नुसत्या रंगावर विसंबलो नाही, कारण काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. आणि सरावाच्या यंत्राला एफची गरजच उरणार नाही, अशी तजवीज केली. शिकवताना वाईट सवय लावायची आणि कामाच्या वेळी ती सुटेल अशी अपेक्षा ठेवायची, हे चूक होतं.

पण खरा बदल यापुढचा. काम करण्याआधी कमांड आता सांगायला लागली, की मी काय करणार आहे. ‘खरा काटा, क्रमांक दोन, दुसरी पाळी. नोंदी २१४. कार्यालयाकडे पोचल्या २१४. रिकामं वजन बाकी असलेल्या गाड्या शून्य.’ सगळं ठीक असेल तर ती काहीही न विचारता काम करायची आणि ‘झालं’ असं सांगायची. एखादीही गाडी अर्धवट असेल तर ती नाही म्हणायची, आणि गाड्यांचे क्रमांक द्यायची. त्यातूनही पुढं जायचंच असेल, तर ‘हो’ म्हणून भागत नव्हतं. किती गाड्यांची नोंद बाजूला पडेल, तो आकडा टाइप करावा लागायचा. आकडा टाइप करायचा म्हणजे तो वाचावा लागतो.

आणि शेवटची गोष्ट, पुसणं बंद केलं. तक्ता मोकळा व्हायचा, पण नोंदी सात दिवस बाजूला ठेवल्या जायच्या. ‘परत आण’ म्हटलं की परत. घरातली रद्दी आपण लगेच देत नाही, चार दिवस कोपऱ्यात ठेवतो, तसं. त्या मुलाचा श्वास मोकळा झाला तो या सोयीनं. चूक परत घेता येते हे माहीत असलं की माणूस कमी चुकतो.

मला तेव्हा वाटलं होतं, की हे आमच्यासारख्या लहान ठिकाणचे प्रश्न. पुढं कळलं, की मोठ्या घरीही हेच घडतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रॅमरना सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एक अभियंता दमून काम करत होता. त्याला दुय्यम यंत्रावरची माहिती पुसायची होती, त्यानं मुख्य यंत्रावरची पुसली. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. राखून ठेवलेल्या नकलांच्या बऱ्याच वाटा बंद निघाल्या. नशिबानं सहा तास आधीची एक नक्कल सापडली. त्या कंपनीनं काहीही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम सगळ्यांना बघता येईल असं थेट प्रक्षेपित केलं, आणि त्या अभियंत्यावर दोष ढकलला नाही. सुधारणांच्या टिपणात एक साधी गोष्ट होती. खऱ्या आणि चाचणीच्या यंत्राच्या खिडक्यांना वेगवेगळे रंग द्या! ते वाचून मला आमची लाल पट्टी आठवली.

त्यानंतर महिनाभरातच, २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, अॅमेझॉनच्या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनंच कमांड दिली. थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. कमांडमधली एक गोष्ट चुकीची लिहिली गेली आणि पुष्कळ जास्त सर्व्हर निघाले. जगातली असंख्य संकेतस्थळं सुमारे चार तास अडखळली. कंपनीनं नंतर काय केलं? कमांड बदलली. एकदम इतके सर्व्हर निघणारच नाहीत आणि किमान गरजेच्या खाली संख्या जाऊ लागली तर कमांड नकार देईल, अशी व्यवस्था केली. म्हणजे आमच्या काट्यासारखंच, ‘गाड्या बाकी आहेत, मी बंद करणार नाही.’

चांगली उदाहरणं आधीपासूनही होती. ज्युनिपर कंपनीच्या नेटवर्कच्या यंत्रांत अशी एक कमांड आहे, की बदल केल्यावर दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, तर यंत्र आपणहून जुन्या स्थितीत जातं. दूरच्या यंत्रात बदल करताना आपलाच रस्ता तोडला गेला तर ‘ठीक आहे’ म्हणायला आपण पोचणारच नाही, हे ती ओळखून आहे. दुसरं उदाहरण फार गोड आहे. एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या चिमुरडीनं आयबीएमच्या मोठ्या संगणकाचं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं. मग त्या बटणावर पारदर्शक झाकण बसवलं गेलं. अशा झाकणाला ‘मॉली-गार्ड’ हे नावच पडलं. डेबियन लिनक्समध्ये याच नावाची सोय आहे. दुरून जोडणी करून सर्व्हर बंद करायला निघालात, तर ती विचारते, या यंत्राचं नाव काय? नाव बरोबर लिहिलंत तरच बंद होतं. ‘खात्री आहे का’पेक्षा हा प्रश्न किती शहाणा! खात्री तर चुकणाऱ्यालाही असतेच. आपण कुठे आहोत, हे मात्र त्याला ठाऊक नसतं.

उलट उदाहरणंही आजच्या यंत्रांवर आहेत. ठरावीक वेळी आपोआप करायच्या कामांची यादी ‘क्रॉनटॅब’ नावाच्या कमांडनं सांभाळतात. ‘ई’ दिलं तर यादी दुरुस्तीसाठी उघडते. ‘आर’ दिलं तर सबंध यादी पुसली जाते, बहुधा न विचारता. आणि टंकफलकावर ‘ई’ आणि ‘आर’ या कळा शेजारी शेजारी आहेत! बोट अर्धा इंच सरकलं, की संपलं.

श्रोतेहो, हे सगळं सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरतं नाही. गॅसचं बटण, बसचा दरवाजा, औषधाची बाटली, सरकारी अर्ज, काहीही घ्या. कुणी चुकलं की आपण म्हणतो, लक्ष देऊन करायला काय झालं? लक्ष द्यावंच. पण रात्री साडेअकराला, हिवाळ्यात, सात तास काम केल्यावर माणसाचं लक्ष किती असतं, हे वस्तू करणाऱ्यानं आधी धरून चालावं. सोपं म्हणजे कमी अक्षरांचं नव्हे. माझी पहिली कमांड सगळ्यांत कमी अक्षरांची होती. सोपं म्हणजे आपण कुठं आहोत ते सांगणारं, आता काय होणार आहे ते सांगणारं, आणि चुकलं तर परत फिरू देणारं.

त्यानंतरच्या हंगामात एका रात्री बाराच्या आधी माझा फोन वाजला. तोच मुलगा होता. माझ्या छातीत धस्स झालं.

“मॅडम, पाळी बंद करत होतो, ते नको म्हणतंय. सात गाड्या यार्डात आहेत म्हणतंय.”

“मग?”

“मग काय, थांबलोय. गाड्या रिकाम्या झाल्या की करतो. तुम्हाला नुसतं सांगितलं. झोपा तुम्ही.”

त्या रात्री मला छान झोप लागली. त्या वयस्कर शेतकऱ्यांचा ऊस काही मी परत देऊ शकले नाही. ते पुढच्या हंगामातही काट्यावर भेटले. पावती हातात घेऊन आकडा दोनदा वाचत होते. मला पाहून नुसते हसले. मीही पावतीवरचा आकडा त्यांच्याबरोबर वाचला.